हॉप्सची मिसळ : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

मागील अंकात कारले, मेथी आणि कडुनिंब यांच्या कडूपणाविषयी लिहिताना बिअरला कडू चव देणाऱ्या हॉप्सचा उल्लेख मी दोनच ओळींत उरकला होता. आलेली बहुतेक पत्रे मात्र त्या दोन ओळींवरच आहेत. नागपुरातील अनेक घरांतील मुले-मुली परदेशात स्थायिक आहेत आणि तिकडे घरी बिअर करणे ही आपल्याकडील लोणची-मुरंब्यांसारखीच एक हौस आहे, हे लक्षात घेता त्यात नवल नाही. मी स्वतः नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे ऑरेगनमध्ये होतो आणि तेथे ही हौस मनसोक्त केली, म्हणून या वेळचे सदर संपूर्णपणे हॉप्सना दिले आहे.

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई अमेरिकेतील पोर्टलंड येथे राहतात. जावई घरी बिअर करतात. मागच्या हिवाळ्यात त्यांनी वीस लिटर पेल एल (फिकट रंगाची, हॉप्सच्या वासाची बिअर) केली आणि तिच्यात कॅस्केड, सेंटेनियल, शिनूक, सिम्को आणि सिट्रा असे पाच प्रकारचे हॉप्स प्रत्येक टप्प्यावर समप्रमाणात घातले. पाचही नावाजलेले असल्याने चव उत्तम यायला हवी होती. प्रत्यक्षात बिअर नुसती कडवट लागली आणि वास कशाचा, ते कोणालाच सांगता येईना. जूनमध्ये मी तिकडे जाणार आहे. सासऱ्याने काही सांगावे आणि ते बरोबर निघावे, एवढीच इच्छा आहे.
— एक निवृत्त अभियंता, धरमपेठ

उत्तर : आपल्या जावयांचे हॉप्स चुकलेले नाहीत, वाटणी चुकली आहे. सावजी मसाला करणाऱ्या घरात दगडफूल, लवंग, मिरे, जायफळ आणि खसखस एकाच मापाने कोणी घेत नाही. एखाद्याने तसे केले तर रस्सा बिघडण्याचे कारण एखादा जिन्नस वाईट होता हे नसून सगळेच एका पट्टीत बोलले, हे असेल.

प्रथम हॉप्स म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. ही ह्युम्युलस ल्युप्युलस नावाच्या वेलीची, फक्त मादी वेलीवर येणारी शंकूसारखी फुले होत. फुलाच्या पाकळ्या उलगडल्या तर त्यांच्या बुडाशी हळदीसारखी पिवळी, चिकट भुकटी दिसते. तिच्यातच राळेसारखी अल्फा आम्ले आणि सुगंधी तेले असतात. अल्फा आम्ले मूळ स्वरूपात पाण्यात फारशी विरघळत नाहीत. उकळताना त्यांची रचना बदलते, मग ती विरघळतात आणि कडूपणा येतो. तेलांचे नेमके उलटे आहे, कारण उकळी जितकी लांबेल तितकी ती वाफेबरोबर निघून जातात. म्हणून एक तास उकळलेला हॉप कडूपणा देतो आणि शेवटी घातलेला वास देतो. फोडणीतला कढीपत्ता आणि वरून पेरलेली कोथिंबीर यांची कामे वेगळी असतात, तसेच हे. जावयांनी सिट्रासारखा महागडा, वासासाठी घ्यायचा हॉप साठ मिनिटे उकळला असेल, तर त्यातील आंबा आणि लिची यांचा गंध त्यांच्या स्वयंपाकघराच्या छताला मिळाला, बिअरला नाही.

आता त्यांच्या पाच प्रकारांकडे पाहा. कॅस्केड हा १९७२ साली ऑरेगनमधील सरकारी संशोधनातून प्रसृत झालेला हॉप आहे. त्याचा वास पपनसाच्या सालीसारखा आणि थोडा फुलांचा असतो. १९८० साली कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा या मद्यशाळेने आपली पेल एल याच हॉपच्या वासावर उभी केली आणि अमेरिकी पेल एलची ओळखच त्यातून ठरली. सेंटेनियल १९९० सालचा. तो त्याच वळणाचा, पण अधिक तीव्र आहे. त्याला ‘सुपर कॅस्केड’ म्हणत, यावरूनच नाते लक्षात यावे. शिनूक १९८५ सालचा आहे आणि त्याला चीड (पाइन) वृक्षाच्या राळेचा झणका आहे. सिम्कोलाही तीच राळ आहे, मात्र तिच्यामागे पिकलेल्या फळाचा आणि ओल्या मातीचा गंध येतो. सिट्रा २००८ च्या सुमारास बाजारात आला. आंबा, लिची, लिंबू हे त्याचे गुण आहेत. म्हणजे पाच नावांत खरे पक्ष तीनच आहेत. त्यांपैकी दोन पक्षांचे दोन-दोन प्रतिनिधी आणि सिट्रा एकटा, अशी ही सभा भरली. मिश्र वासातून तीन-चारांहून अधिक घटक वेगळे ओळखणे तसेही नाकाला जड जाते, त्यामुळे काही कळेनासे झाले तर तो पिणाऱ्यांचा दोष नाही.

माझा सल्ला असा की वासासाठी एका वेळी तीनच प्रकार घ्यावेत आणि त्यांत मोठा, मधला आणि धाकटा असा क्रम ठरवून घ्यावा. तीन, दोन आणि एक हे प्रमाण मला नेहमी उपयोगी पडले आहे. येथे सिट्रा मोठा, सेंटेनियल मधला आणि सिम्को धाकटा. शिनूकला केवळ कडूपणासाठी सुरुवातीला घालावे आणि कॅस्केडचे पाकीट पुढच्या खेपेसाठी शीतपेटीत राहू द्यावे. मोजमापापूर्वी मात्र एक काम अवश्य करा. प्रत्येक प्रकारच्या हॉप्सच्या, वाळवून दाबून केलेल्या दोन-तीन हिरव्या गोळ्या तळहातावर घ्या, तंबाखू मळतात तशा मळा आणि हाताच्या उबेने तेल सुटले की लगेच हुंगा. मग मळलेला चुरा तीन-दोन-एक या मापाने झाकणाच्या स्टीलच्या डबीत घाला, पाच मिनिटांनी झाकण उघडा आणि पुन्हा वास घ्या. डबीत जो हॉप दुसऱ्याला दाबून टाकतो तो बिअरमध्येही बहुधा तेच करतो. मी या डबीच्या जोरावर दोन बेत रद्द केले आहेत आणि त्याचे दुःख झाले नाही.

वीस लिटरसाठी प्रमाण पुढीलप्रमाणे धरावे. पेल माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) ४.५ किलो आणि हलके क्रिस्टल माल्ट ३०० ग्रॅम, दोन्ही भरडलेले, ६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर भिजू द्यावे. त्यानंतर गाळून आणि चोथा गरम पाण्याने धुऊन सुमारे २५ लिटर गोड काढा मिळवावा, ज्याला वर्ट म्हणतात. तो साठ मिनिटे उकळायचा. उकळी फुटताच १३ टक्के अल्फा आम्लाचा शिनूक १२ ग्रॅम घालावा आणि शेवटची दहा मिनिटे उरली असताना सेंटेनियल २० ग्रॅम. आच बंद केल्यावर काढा ८० अंशांपर्यंत उतरू द्यावा आणि मग सिट्रा ३० ग्रॅम व सेंटेनियल २० ग्रॅम घालून वीस मिनिटे झाकून ठेवावे. हा टप्पा घाईत वगळू नये, कारण या तापमानाला कडूपणा हळू वाढतो, तेल मात्र उतरते आणि बऱ्याच अंशी टिकतेही. एकूण कडूपणा ३० ते ३५ आयबीयूच्या (बिअरचा कडूपणा मोजण्याचे एकक) दरम्यान येईल. त्यानंतर काढा झटपट १८ अंशांवर आणून स्वच्छ चवीचे अमेरिकी एल यीस्ट, कोरडे असल्यास साधारण ११ ग्रॅमचे एक पाकीट, सोडावे आणि तापमान १८ ते २० अंशांत राखावे. घनता (पाण्याची १.०००) १.०५२ वरून १.०१२ च्या आसपास उतरली की मद्यांश सव्वापाच टक्के झाला असे समजावे.

शेवटचे हॉप्स थंड बिअरमध्ये, म्हणजे आंबण्याचे काम संपत आल्यावर, सुमारे १५ अंशांना घालायचे. यालाच ड्राय हॉपिंग म्हणतात. सिट्रा ४५, सेंटेनियल ३० आणि सिम्को १५ ग्रॅम, तीन दिवसांसाठी. आठवडाभर ठेवल्याने वास वाढत नाही. पालापाचोळ्याची हिरवट चव तेवढी वाढते. फाल्कनर्स फ्लाइट किंवा झायथॉस अशा नावांनी कारखान्यातच एकत्र केलेले हॉप्स तिकडे मिळतात आणि ते चांगलेही असतात, पण तयार मसाल्याच्या पाकिटाने भाजी होते, मसाला येत नाही.

पाण्याविषयी एक वाक्य. पोर्टलंडला बुल रन पाणलोटाचे पाणी येते आणि ते फार मृदू आहे. २५ लिटरला ५ ग्रॅम जिप्सम घातले तर सल्फेट लिटरमागे सुमारे ११० मिलिग्रॅमने वाढते आणि हॉप्सचा कडूपणा बोथट न राहता धारदार, कोरडा लागतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन मारण्यासाठी पोटॅशिअम मेटाबायसल्फाइटची अर्धी गोळी पुरेशी आहे. हे दोन्ही जावयांना सांगा. सासऱ्यांना पाण्याचे रसायन ठाऊक आहे याचा परिणाम हॉप्सच्या ज्ञानापेक्षा अधिक होईल.

प्रश्न : मी मनीषनगरला राहतो. भाच्याने परदेशातून येताना सिट्रा, अमॅरिलो आणि मोझॅक या हॉप्सची शंभर-शंभर ग्रॅमची पाकिटे आणली आहेत. गच्चीवरच्या खोलीत अशी पेल एल करण्याचा विचार आहे. उन्हाळ्यात तापमान कसे राखावे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : तापमानाचा प्रश्न पुढचा आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा त्याच्या कलम ६५ खाली गुन्हा आहे. स्वतःपुरती, घरच्या घरी, विक्री न करता, ही कारणे त्यात सवलत मिळवून देत नाहीत. मद्य करण्याच्या हेतूने साहित्य आणि उपकरणे बाळगणेही त्याच कलमात येते. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने आणि ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरगुती बिअरला मोकळीक मिळाली, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी निःसंकोचपणे देऊ शकलो. आपल्या गच्चीसाठी ते देता येत नाही. आपल्या शेजारचा वर्धा जिल्हा तर पूर्णच दारूबंदीचा आहे, तेव्हा हा प्रांत या बाबतीत किती गंभीर आहे हे वेगळे सांगायला नको.

तरीही ती तीन पाकिटे वाया घालवू नका. हॉप्सची मिसळ शिकण्यासाठी मद्याची गरजच नाही. किंबहुना मद्याशिवाय ती अधिक स्वच्छ कळते. हॉप्सचे पाणी करा. एक लिटर शुद्ध पाणी उकळून आच बंद करा, ते ७५ अंशांपर्यंत उतरू द्या, त्यात अर्ध्या लिंबाचा रस पिळा आणि मग एकाच प्रकारचे हॉप्स २ ग्रॅम घाला. २ ग्रॅम म्हणजे फार थोडे. सोनारी काट्याची सवय असलेल्याला ते बरोबर वाटेल, स्वयंपाकघराच्या काट्यावर मात्र आकडा हलतो की नाही अशी शंका येते. लिंबू आधी घालण्याचे कारण असे की आंबट पाण्यात हिरवट, तुरट अंश कमी उतरतो. पंधरा मिनिटे झाकून ठेवा, दुहेरी मलमलीतून गाळा, बाटलीत भरा आणि थेट फ्रिजमध्ये ठेवा. उकळी नसल्याने कडूपणा बेताचा येतो आणि वास जवळजवळ पूर्ण मिळतो. साखर घालू नका आणि चार दिवसांत संपवा. मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे असताना, ही बाटली ओट्यावर विसरणे परवडणारे नाही.

तीन हॉप्सच्या तीन बाटल्या तयार झाल्या की खरी गंमत आहे. काचेचे सहा पेले मांडा. पहिल्या तिघांत एकेक पाणी स्वतंत्र ओता, चौथ्यात सिट्रा आणि अमॅरिलो निम्मे-निम्मे, पाचव्यात मोझॅक तीन चमचे, सिट्रा दोन आणि अमॅरिलो एक, सहाव्यात नेमके उलट प्रमाण. घरच्यांना क्रम न सांगता हुंगायला द्या. मोझॅक हे सिम्कोचेच अपत्य आहे, त्यामुळे जांभळा-करवंदांसारख्या गंधामागे ती जुनी राळ कोणाच्या नाकाला लागते ते पाहा. आमच्याकडे हा प्रयोग केला तेव्हा सर्वांत अचूक नाक माझ्या आईचे निघाले. तिने आयुष्यात बिअरला हात लावलेला नाही, परंतु पाचव्या पेल्याबद्दल ती म्हणाली, “यात आधी आंबा येतो, मग कोणीतरी फर्निचर पुसतं.” राळेचे याहून चांगले वर्णन मी वाचलेले नाही. आवडलेले मिश्रण सोड्यात निम्मे घालून बर्फाबरोबर प्यावे. उन्हातून आलेल्या पाहुण्याला कैरीच्या पन्ह्याऐवजी हे देण्याची शिफारस मात्र मी करणार नाही. पन्हे ते पन्हे.

प्रश्न : मी मूळची महालातली, सध्या वेलिंग्टनला असते. अमेरिकी कृतीत साठ मिनिटांसाठी कॅस्केड ४० ग्रॅम लिहिले होते. माझ्याकडे न्यूझीलंडचा नेल्सन सोव्हिन होता, तो तेवढाच घातला. वीस लिटर बिअर कडू झाली, इतकी की नवऱ्याने गुढीपाडव्याची आठवण काढली. वजन तर बरोबर होते, मग चुकले कुठे?
— एक वाचिका

उत्तर : कडूपणासाठी हॉप्सचे नुसते वजन पाहायचे नसते, वजन आणि अल्फा आम्लाचे शेकडा प्रमाण यांचा गुणाकार पाहायचा असतो. कृतीतील कॅस्केड ५.५ टक्क्यांचा धरला तर ४० गुणिले ५.५ म्हणजे २२०. आपला नेल्सन सोव्हिन साधारण १२ टक्क्यांचा. २२० भागिले १२, म्हणजे १८ ग्रॅम पुरले असते. आपण ४० ग्रॅम घातल्याने अपेक्षित २५ आयबीयूंच्या जागी ५५ च्या घरात गेलात. पाकिटावर त्या वर्षीच्या पिकाचा आकडा छापलेला असतो, तोच हिशेबात घ्यावा. पुस्तकातील सरासरी आकडा दरवर्षीच्या पिकाला लागू पडतोच असे नाही.

हा गुणाकार वासाच्या टप्प्यांना मात्र लावू नये. तेथे तेल महत्त्वाचे आणि त्याचा अल्फा आम्लाशी थेट संबंध नाही. सिट्रामध्ये कॅस्केडच्या साधारण दुप्पट तेल असते, तेव्हा शेवटी घालताना तो कमी लागतो, एवढा अंदाज पुरे.

आणि मुळात नेल्सन सोव्हिन कडूपणासाठी खर्ची घालणे म्हणजे केशर घालून फरशी पुसण्यासारखे आहे. हिरव्या द्राक्षांचा, पांढऱ्या वाइनसारखा त्याचा वास इतर कशात सहसा सापडत नाही. तो आच बंद केल्यानंतर आणि थंड बिअरमध्ये वापरा. सोबतीला लिंबाच्या वळणाचा मोटुएका दोनास एक या प्रमाणात द्या आणि तिसरा घेऊ नका. तीन-दोन-एकचे माझे सूत्र येथे मी स्वतःच मोडतो, कारण नेल्सनला गर्दी मानवत नाही. आपल्यापासून सामुद्रधुनी ओलांडली की नेल्सनच्या हॉप्सच्या बागा आहेत आणि त्यांची तोडणी मार्चच्या आसपास होते. नवे पीक वाळवून, गोळ्या होऊन पाकिटांत यायला थोडा अवधी जातो. ते आले की त्याच वर्षी वापरा. झालेल्या कडू बिअरवर उपाय म्हणून पाणी किंवा साखर घालू नका. तीन-चार महिने थंड ठेवा. कडूपणाची धार थोडी उतरेल, वासही उतरेल, आणि ती निदान मटणाबरोबर चालेल.

प्रश्न : काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे. पुतण्या लीड्सला असतो आणि घरी बिअर करतो. पेल एलमध्ये संत्र्याचा वास हॉप्समुळे येतो म्हणतात. मग हॉप्सऐवजी आमच्या संत्र्याची वाळवलेली सालच त्याने का घालू नये?
— एक बागायतदार

उत्तर : ऐवजी नको, सोबत चालेल. हॉप्समधील ‘संत्रे’ आणि सालीतील संत्रे एकाच गोष्टीची दोन वर्णने नाहीत. संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक लिमोनीन असते. हॉप्समध्ये ते नगण्य. तेथे लिनालूल, जेरॅनिऑल आणि इतर अनेक घटक मिळून संत्र्याचा आभास तयार करतात. यीस्ट तर आंबताना जेरॅनिऑलचे रूपांतर सिट्रोनेलॉलमध्ये करते, त्यामुळे पाकिटातील वास आणि पेल्यातील वास यांत फरक पडतो. कडूपणा आणि टिकाऊपणा यांची जबाबदारी तर साल घेऊच शकत नाही.

आपले नागपुरी संत्रे सैल सालीचे असते आणि आत पांढरा, कापसासारखा थर असतो. बिअरला अडचण त्या थराचीच होते, कारण तो तुरट-कडू आहे. साल पाण्यात चोळून धुवावी, पांढरा भाग चमच्याच्या कडेने खरवडून काढावा आणि उरलेली पातळ नारिंगी पापुद्र्याची साल सावलीत वाळवावी. उन्हात वाळवली तर तेल उडते आणि उरते ती खाकी रंगाची चिवट पट्टी. आंबिया बहाराची साल घ्यावी की मृग बहाराची, हे आपणच मला सांगू शकाल. माझा अनुभव एवढाच की पूर्ण रंगलेल्या, पण अजून घट्ट असलेल्या फळाची साल सर्वांत वासाची असते. वीस लिटरला अशी १५ ते २० ग्रॅम साल, उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत घालावी. तिच्याबरोबर अमॅरिलो हा मोठा आणि सेंटेनियल हा मधला हॉप ठेवावा आणि तिसऱ्या, धाकट्या हॉपची जागा सालीला द्यावी. सिट्रा घेतला तर साल ऐकूच येणार नाही. पुतण्याने ही बिअर दोन महिन्यांत संपवावी, कारण लिमोनीन हवेने बिघडले की संत्र्याऐवजी जुन्या पॉलिशचा वास येऊ लागतो.

प्रश्न : मुलगा डब्लिनला असतो. त्याची पेल एल पहिल्या आठवड्यात फार सुगंधी असते, पण महिन्याभरात रंग काळपट होतो आणि मधासारखी गुळचट लागते. हॉप्स वाढवावेत का?
— एक वाचिका, रामदासपेठ

उत्तर : हॉप्स वाढवून उपयोग नाही. आंबल्यानंतर बिअरला हवा लागते आहे. एका भांड्यातून दुसऱ्यात वरून ओतू नये, नळी तळाशी टेकवून शांतपणे भरावे, बाटलीचा गळा कमीत कमी रिकामा ठेवावा आणि बाटल्या थंड, अंधाऱ्या जागी ठेवाव्यात. बाटल्या तपकिरीच घ्याव्यात, कारण हॉप्समधील कडू द्रव्यावर ऊन पडले की गंधकयुक्त द्रव्य तयार होऊन बिअरला दुर्गंधी येते.

प्रश्न : प्रतापनगर सोडून मेलबर्नला येऊन तीन वर्षे झाली. घनता दोन दिवस १.०१४ वर स्थिर होती. ड्राय हॉप घातल्यावर तिसऱ्या दिवशी, पुन्हा न मोजता, बाटल्या भरल्या. आता झाकण उघडताच अर्धी बिअर फवाऱ्यासारखी छतावर जाते. बाटलीत फेस यावा म्हणून घालायची साखर मोजूनच घातली होती.
— एक विद्यार्थी

उत्तर : उरलेल्या बाटल्या आजच थंड करा, त्यांना हात लावताना जाड हातमोजे आणि चष्मा घाला आणि सिंकमध्ये, वर टॉवेल धरून, एकेक झाकण सैल करा. कारण नंतर वाचा.

हॉप्समध्ये अल्प प्रमाणात विकरे असतात. यीस्टला न पचणारी माल्टमधील शर्करा ती तोडतात आणि थांबलेले यीस्ट पुन्हा कामाला लागते. ब्राउन आणि मॉरिस या इंग्रज रसायनज्ञांनी १८९३ सालीच हे नोंदवले होते. मधल्या काळात त्याची फारशी आठवण राहिली नाही आणि भरघोस ड्राय हॉपिंगची लाट आल्यावर ते पुन्हा सर्वांना भोवले. घनता ०.००१ ने उतरली की बिअरच्या आकारमानाच्या साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. आपली बिअर बाटलीत १.०१० पर्यंत उतरली असेल, तर साखरेचा वायू धरून हिशेब नेहमीच्या जवळजवळ दुप्पट दाबाचा होतो.

मला हे पुस्तकातून कळले नाही. ऑरेगनमध्ये एकदा चोवीस बाटल्या कपड्यांच्या कपाटात, अंधार आणि स्थिर तापमान मिळावे म्हणून, ठेवल्या होत्या. रात्री दोनच्या सुमारास तीन बाटल्या एकापाठोपाठ फुटल्या. काचा वेचता आल्या. सौभाग्यवतींच्या पैठणीला मात्र दोनदा धुलाईला देऊनही पुढच्या दिवाळीपर्यंत पपनसाचा वास होता. वासाची मिसळ त्या खेपेला उत्तम जमली होती, हे सांगण्याची सोय नव्हती.

यापुढे ड्राय हॉप घातल्यावर घनता पुन्हा मोजा आणि ती सलग तीन दिवस हलली नाही तरच बाटल्या भरा. वीस लिटरला १२० ग्रॅम साखर, म्हणजे लिटरमागे ६ ग्रॅम, पुरेशी आहे. एक बाटली सोड्याच्या जाड प्लॅस्टिकची भरा. ती बोटाने दाबून पाहिली की आतला दाब कळतो. दगडासारखी लागली की सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये हलवायच्या.

प्रश्न : हॉप्सचे पाणी गाळल्यावर उरलेला चोथा गुलाबाच्या कुंड्यांत घातला तर चालेल का?
— एक वाचिका, लक्ष्मीनगर

उत्तर : खतात मिसळून, कुजवून चालेल, परंतु घरात कुत्रा असेल तर मुळीच नको. हॉप्स, वापरलेले असले तरी, कुत्र्यांना विषारी असतात. खाल्ल्यानंतर काही तासांत त्यांच्या शरीराचे तापमान धोकादायकरीत्या चढते आणि प्राणावर बेतू शकते. धाप लागलेली दिसली तर वाट न पाहता पशुवैद्यकाकडे न्यावे आणि हॉप्स खाल्ल्याचे स्पष्ट सांगावे. चोथा कुंडीत न घालता पिशवीत घट्ट बांधून कचरागाडीला देणे सोपे.